पाणगिळ्याची सहावी कवडी

निंबखेडीच्या ग्रामपंचायतीत भिवाजी शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याच्या नेमणुकीच्या कागदावर ‘हंगामी’ असा शब्द होता. हंगाम पेरणीचा की काढणीचा, हे कागदात लिहिलेलं नव्हतं. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा पेरण्या झाल्या, अकरा काढण्या झाल्या, तीन ग्रामसेवक बदलून गेले, पण भिवाजीचा हंगाम काही संपला नाही.

हंगामी माणसाला कामं मात्र कायमची असतात. दवंडी भिवाजीनं द्यायची, नोटिसा त्यानं वाटायच्या, घरपट्टीच्या शिव्या त्यानं खायच्या. कार्यालय झाडायचं, केनवडच्या बाजारातून शाई आणि टाचण्या आणायच्या, सरपंचांची सायकल पुसायची. एकच काम त्याच्याकडे नव्हतं. कार्यालयाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, तो भरायचं काम कोतवालाकडे होतं. भिवाजी राहायचा गावाच्या उगवतीला, बौद्ध वस्तीत. पंधरा वर्षांचा असताना बापासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. तो आणि माठ यांच्यात सहा हातांचं अंतर असावं असा ठराव पंचायतीनं कधी केला नव्हता. निंबखेडीत जे ठराव व्हायचे ते अमलात यायचे नाहीत आणि जे अमलात होतं त्याचा ठराव कधी व्हायचा नाही. भिवाजी घरून बाटलीत पाणी आणायचा आणि तेच प्यायचा.

आता खेळाचं सांगतो.

कार्यालयात सरकारनं दिलेला एक रेडिओ होता. रविवारी दुपारी गाव तो ऐकायला जमायचं. चौऱ्याहत्तर साली त्याची बॅटरी संपली. नवी मिळावी म्हणून अर्ज गेला, उत्तर आलं की जुनी बॅटरी नेमकी कशामुळे संपली याचा खुलासा करावा. खुलासा लिहायचं काम अजून चालू होतं. पण रविवारी यायची सवय लोकांना लागली होती, त्यामुळे लोक येऊन बंद रेडिओभोवती बसायचे. त्यांची ती दशा भिवाजीला बघवेना. त्याचा बाप खळ्यावर गोष्टी सांगण्यात नावाजलेला होता, आणि ते रक्त भिवाजीत पुरेपूर उतरलेलं. त्यानं एके रविवारी कपाटातून नळयोजनेचा नकाशा काढला आणि टेबलावर पसरला.

ही नळयोजना बासष्ट सालची. इंजिनियर येऊन गेला होता, मोजमापं झाली होती. नकाशात निळ्या रेघांचे नळ गल्लीगल्लीतून गेलेले, टेकडीवर गोल टाकी काढलेली. दर निवडणुकीला हा नकाशा बाहेर यायचा आणि मतदान झालं की गुंडाळून कपाटात जायचा. नळ आला नाही. बाया अजून नाल्याकाठच्या विहिरीवरूनच पाणी वाहत होत्या. भिवाजी म्हणाला, “ह्या निया रेघा म्हंजे नद्या. अन् ह्या टाकीत बसला हाय पानगिळ्या राक्षस. साऱ्या नद्या त्यानं पेऊन टाकल्या. आता त्याले माराले कोन जाते ते सांगा.”

असा तो खेळ सुरू झाला. ज्याला खेळायचं त्यानं एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगानंच बोलायचं. प्रत्येकाला जीव म्हणून तुरीचे बारा दाणे, राक्षसाला चाळीस. वार करायचा तर सहा कवड्या टाकायच्या. जेवढ्या उताण्या पडतील तेवढे समोरच्याचे दाणे कमी. दाणे संपले की माणूस मेला. खेळणाऱ्यांच्या कवड्या पांढऱ्या. राक्षसाच्या सहा कवड्या वेगळ्या, बैलाच्या जुन्या गळामाळेतल्या, पिवळ्या पडलेल्या. त्या फक्त भिवाजी टाकायचा, आणि टाकायचा तोही सुपाआड. घरून आणलेलं सूप टेबलावर आडवं उभं करायचं, त्याच्यामागे काय पडलं ते त्यानंच पाहायचं आणि सांगायचं.

“सूप कायले?” असं कोणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “राक्षसाच्या मनातलं आधी दिसलं तं भेव कसं वाटन?”

चार वर्षांत भिवाजीनं सुपाआडून एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. सरपंचाच्या राज्यात रेशनचं माप खोटं होतं, सभेची हजेरी खोटी होती, रोजगार हमीच्या कामावर मेलेली माणसं खडी फोडत होती. पण भिवाजीच्या पिवळ्या कवड्या खऱ्या होत्या, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याला स्वतःलाही त्याचा मोठा अभिमान होता. बोलून दाखवायचा नाही, पण होता.

खेळणारे चौघं. सरपंच पंजाबराव हे अर्थातच राजा, राजा प्रचंडसेन. दुसरं कोणतं सोंग त्यांना कोणी विचारलंच नाही. शाळेतले रामराव गुरुजी मांत्रिक झाले, कारण त्यांना पाठांतराचा शौक. तांड्यावरचा दौलतसिंग पंचायतीचा मेंबर होता, त्यानं गदा घेतली. चौथ्या मनकर्णाबाई. चार एकरांच्या धनी, विधवा बाई. कायद्यानं पंचायतीत दोन बाया लागतात म्हणून त्यांना मेंबर केलेलं. त्या सभेला मागच्या दारानं यायच्या, दाखवलेल्या जागी सही करायच्या आणि मागच्या दारानं जायच्या. एका रविवारी त्या अशाच सहीला आल्या आणि चौथा गडी नाही म्हणून बसवल्या गेल्या. त्यांनी धनुष्यबाण घेतला. सोंगाचं नाव काय, असं विचारलं तर म्हणाल्या, “मनकर्णाच राहू द्या. दुसरं धरलं तं माह्या ध्यानात नाई राह्यत.”

आणखी एक नियम सांगायला हवा, कारण सगळं पुढं त्याच्यावरच अडलं. सुरुवातीला जो मरायचा तो बाजूला बसून जिवंतांना सल्ले द्यायचा. मेलेले रामराव गुरुजी तर जिवंतपणी बोलायचे त्याच्या दुप्पट बोलायचे. वैतागून भिवाजीनं नियम केला: मेलेल्यानं बोलायचं नाही, उठून बाकीच्यांना पाणी पाजायचं. नियम सगळ्यांना पटला. त्या रविवारी ऊन मरणाचं होतं. गुरुजी तिसऱ्यांदा मेले, माठातून तांब्या भरून आले, राजाला दिलं, दौलतसिंगला दिलं, मनकर्णाबाईंना दिलं. आणि मग भिवाजीनं ओंजळ पुढं केली.

नियम करताना ‘बाकीचे’ म्हणजे कोण, हे कोणी मोजलंच नव्हतं. गुरुजी सुधारक विचारांचे होते, चौदा एप्रिलला भाषण करायचे. त्यांनी पाणी घातलं, पण हातभर उंचावरून. अर्धं ओंजळीत पडलं, अर्धं भिवाजीच्या कोपरावरून खाली गेलं. तेव्हापासून तीच वहिवाट पडली. दौलतसिंग मेला की तो जरा खालून ओतायचा, एवढाच फरक.

राजा मात्र चार वर्षांत एकदाही मेला नव्हता. त्याला कारण होतं. पंजाबरावांनी पहिल्याच मोहिमेला ठराव करून घेतला होता की राजानं सर्वांत मागं राहून देखरेख करावी.

अठ्ठ्याहत्तर सालच्या चैत्रातला तो रविवार. सकाळी भिवाजी सायकल पुसत असताना पंजाबराव ओसरीवरून म्हणाले, “उद्याच्या सभेत तुहा विषय ठेवला हाय. कायम कराचा. पाहू.”

या ‘पाहू’ची भिवाजीला चांगली ओळख होती. यापूर्वी तीनदा विषय ठेवला होता आणि तीनदा ‘पुढील सभेत विचार व्हावा’ असं लिहून तो पुढं ढकलला होता. पण या खेपेला सरपंचांनी स्वतः तोंडानं सांगितलं होतं. भिवाजीच्या हातातलं फडकं थांबलं. कायम झालं म्हणजे आजारपणाची रजा, म्हातारपणी काहीतरी आधार, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी ‘आज आहे की नाही’ हा घोर संपला. त्यानं ती सायकल त्या दिवशी दोनदा पुसली.

दुपारी खेळ मांडला. महिनाभर चाललेली मोहीम त्या दिवशी टाकीपाशी पोचली होती. पंचायतीचा गोल शिक्का लाकडी मुठीसकट टाकीवर उभा केला, तो राक्षस. दौतीचं झाकण म्हणजे राजा. खिडकीत वीस-बावीस माणसं येऊन उभी राहिली. आत दोन खुर्च्यांवर पंजाबराव आणि गुरुजी, बाकावर दौलतसिंग, स्टुलावर मनकर्णाबाई. भिवाजी उभाच. सरपंचासमोर शिपाई उभा असतो, मग तो राक्षस का असेना.

“टाकीचं झाकन सरकलं,” भिवाजी हळू आवाजात म्हणाला. “आतून आवाज आला. घट, घट, घट. नाल्यात उरलं होतं तेवढं पानी उलटं टेकडीवर चढून राह्यलं. थो पेऊन राह्यला. आता त्यानं मान वर केली, अन् तुमच्याइकडं पाह्यलं. बोला, काय करता?”

आता कोणत्याही शहाण्या माणसानं वार केला असता. पण हे निंबखेडीचे वीर. पंजाबराव म्हणाले, “आधी ठराव घ्या.” गुरुजींनी वही उघडली. राक्षसाचा बीमोड करण्यात यावा, असा मजकूर ठरला. सूचक राजा. अनुमोदक कोण, यावर दौलतसिंग आणि गुरुजींचं वाजलं. मागच्या मोहिमेत गुरुजी अनुमोदक होते, म्हणून या खेपेला तांड्याला मान मिळाला पाहिजे, असं दौलतसिंगचं म्हणणं.

“अरे, थो आला ना अंगावर!” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“बाई, कामकाज चालू हाय,” पंजाबराव म्हणाले.

राक्षस काही अनुमोदकासाठी थांबला नाही. सुपाआड कवड्या खळखळल्या. “चार उतान्या. मांत्रिकाचे चार दाने गेले.” पुन्हा खळखळल्या. “पाच. गुरुजी, अजून पाच गेले.” गुरुजी घाबरून मंत्र म्हणायला लागले, पण मंत्र लांबलचक निघाला. तो संपायच्या आत त्यांचे उरलेले तीन दाणेही गेले. वहीत ‘सर्वानुमते’ एवढं लिहून ते मेले आणि माठाकडे गेले.

मग मात्र लढाई पेटली. दौलतसिंगनं गदा अशी फिरवली की बाक कुरकुरला. पाच, चार, पुन्हा पाच. राक्षसाचे दाणे भराभर उतरले. मनकर्णाबाई काही न बोलता खराट्याची एकेक काडी पुढं सरकवायच्या, तो त्यांचा बाण. दुरून मारायचं म्हणून त्यांना नियम कडक होता, चार कवड्या उताण्या पडल्या तरच बाण लागला म्हणायचा. अकरा बाणांतले पाच लागले. खिडकीतली माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. दौलतसिंग शेवटपर्यंत झुंजला, मेला, आणि पाणी प्यायला म्हणून स्वतःच आधी माठापाशी गेला. आता राजापुढं कोणी उरलं नव्हतं; मनकर्णाबाईंचा तर बाण, तो दुरूनच. देखरेख संपली. पंजाबरावांना आयुष्यात पहिल्यांदा पुढं यावं लागलं, आणि खरं सांगायचं तर ते बरे लढले. घाम पुसत, दात खात त्यांनी चार वार केले. राक्षसाचे सहा दाणे उरले होते, ते तीनवर आले, मग एकावर.

पण राजाचे दाणेही एकावर आले होते.

भिवाजीनं पट पाहिला. राक्षसाचा एक दाणा, राजाचा एक दाणा. मनकर्णाबाईंचे दोन दाणे आणि एक काडी. पाळी राक्षसाची. एक जरी कवडी उताणी पडली तरी राजा मेला. आणि राजा मेला तर सरपंच पंजाबराव यांनी खुर्चीवरून उठायचं, माठातून तांब्या भरायचा आणि साऱ्या गावासमोर शिपाई भिवाजीला पाणी पाजायचं. उद्या सोमवार होता. उद्या सभा होती.

त्यानं पिवळ्या कवड्या ओंजळीत घोळवल्या आणि सुपाआड टाकल्या.

तीन उताण्या. स्पष्ट, डोळ्यांत खुपाव्या अशा. राजा एकदा नाही, तीनदा मेला होता.

पंजाबराव त्याच्याकडे पाहत होते. त्या नजरेत ‘पाहू’ होतं.

“सगळ्या पालथ्या,” भिवाजी म्हणाला.

खिडकीतून जी आरोळी उठली ती थेट मारुतीच्या पारापर्यंत गेली. राजाची पाळी आली. पंजाबरावांनी डावा हात टेबलावर तसाच ठेवून उजव्या हातानं पांढऱ्या कवड्या फेकल्या. दोन उताण्या. राक्षस मेला. त्यांनी शिक्क्याला टिचकी मारली, तो आडवा झाला. गुरुजींनी वहीत लिहिलं की मा. राजेसाहेबांनी स्वहस्ते पराक्रम केला. दौलतसिंगनं राजाला उचलायचा प्रयत्न केला. मनकर्णाबाईंनी आपली उरलेली काडी उचलली, तिच्याकडे जरा पाहिलं आणि पदराच्या टोकाला बांधून मागच्या दारानं निघून गेल्या.

सगळे गेल्यावर भिवाजीनं कवड्या पिशवीत भरल्या. पांढऱ्या सहा. पिवळ्या पाच.

त्यानं पुन्हा मोजल्या. टेबलाखाली पाहिलं, सूप झटकलं, खोली झाडून काढली. पाचच. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कवड्या टाकल्यावर त्यानं सहा मोजल्याच नव्हत्या. तीन उताण्या पाहिल्या आणि भेदरून तोंड उघडलं. सहावी कुठं पडली होती हे त्याला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बायकोनं, लिलाबाईनं, भाकर वाढली. भिवाजीनं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरं केलं. खेळच तं होता. अकरा वर्सं झाली.”

“हो.”

“मंग जेवत काहून नाई?”

त्याला लाज वाटत होती. चार वर्षं जी एक जागा त्यानं स्वच्छ ठेवली होती, तिथं त्यानंच घाण केली होती, आणि हे समजावून सांगावं तर लोक म्हणणार, खेळच तर होता.

सोमवारी सभा झाली. विषय क्रमांक सात. सूचक स्वतः सरपंच. ‘शिपाई भिवाजी यांची सेवा कायम करण्यात यावी’, टाळ्यांच्या गजरात मंजूर. मनकर्णाबाईंनी दाखवलेल्या जागी सही केली. सभा आटोपली, सगळे पांगले, आणि पंजाबरावांनी भिवाजीला जवळ बोलावलं. खिशातून मूठ काढली, उघडली. तळहातावर पिवळी कवडी होती.

“घे. तुही हाय. सुपाखालून सरकत आली होती माह्या कोपरापाशी. उतानी.”

भिवाजी मागं सरकला. “साहेब, मी...”

“अरे, घाबरतं काहून? हात ठेवला ना मी तिच्यावर.” पंजाबराव मोकळेपणानं हसले. “अकरा वर्सं तुले हंगामी काहून ठेवलं, माहीत हाय? मानूस चांगला, कामाले वाघ, पन जे पडते थेच सांगते. अशाले कायम कसं कराव? काल पाह्यलं अन् मनात म्हनलं, आता झाला हा तयार. पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडनूक हाय. चिठ्ठ्या मोजाले असाच डोया लागते.”

ते सायकलवर बसून गेले. सायकल नेहमीप्रमाणे भिवाजीनंच पुसलेली होती.

तो आठवडा भिवाजीनं कसा काढला ते विचारू नका. लोक अभिनंदन करायचे आणि तो खाली पाहायचा. खोटं बोललो म्हणून जेवढं लागलं नव्हतं, तेवढं त्या शाबासकीनं लागलं. शनिवारी तो नेमणुकीचा नवा कागद काढून बसला आणि ओळ न ओळ वाचून काढला. अकरा वर्षं पंचायतीच्या सभा दाराशी उभं राहून ऐकलेला माणूस तो. कोणत्या कागदाला किती ताकद असते हे त्याला गुरुजींपेक्षा जास्त कळत होतं. वाचता वाचता तो पहिल्यांदा हसला. लिलाबाईनं चुलीपासून वळून पाहिलं.

रविवारी खेळ मांडला तेव्हा टेबलावर सूप नव्हतं.

“सूप कुठं हाय?” दौलतसिंगनं विचारलं.

“घरी. बायको दाने पाखडून राह्यली,” भिवाजी म्हणाला. त्यानं नकाशा पसरला. शिक्का पुन्हा टाकीवर उभा केला, समोर एक तुरीचा दाणा ठेवला. सगळे बघत राहिले. मग त्यानं पिवळी कवडी काढली आणि पंजाबरावांच्या कोपरापाशी उताणी ठेवली.

“मागल्या रविवारी मी खोटं सांगतलं. सुपाआड तीन उतान्या होत्या, अन् ही चौथी इथं पडली होती. सरपंचसाहेबांनीच सोमवारी मले आणून देली. राजा मेला होता.”

पंजाबराव लाल झाले. नाही म्हणावं तर कवडी लपवल्याचं सांगावं लागणार, हो म्हणावं तर मरावं लागणार. ते ओरडले, “माजला का बे? उद्याच्या उद्या काढून टाकीन!”

“नाई काढता येत, साहेब,” भिवाजी म्हणाला. “मी कायम हाय. कायम मानसाले काढाचं तं आधी नोटीस लागते. मंग चौकशी. मंग सभेचा ठराव, अन् वरची मंजुरी. अन् कारन लिहा लागते. काय लिहिसान? राजा मारला म्हून?”

“नियम तोच आहे,” गुरुजी सवयीनं म्हणाले, आणि बोलून गेल्यावर चपापले. दौलतसिंगनं तोंडावर उपरणं धरलं. खिडकीत खसखस पिकली.

पंजाबरावांनी खिडकीकडे पाहिलं. मुरलेला माणूस तो. आवाज एकदम उतरवून म्हणाले, “बरं बा, मेलो. पन मोहीम चालू हाय, राज्य उघडं पडलं नाई पाह्यजे. तं हंगामी मेलो असं लिहा, गुरुजी. पुढच्या सभेत विचार करू.”

गुरुजींनी खरोखर वही उघडली.

“मेलेल्यानं बोलाचं नाई,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

या खोलीत त्यांचा आवाज एवढा मोठा कधी निघाला नव्हता. गुरुजींनी वही मिटली. मनकर्णाबाईंनी पदराची गाठ सोडली, काडी काढली आणि टेबलावर ठेवली. “राजा मेला म्हंजे पाळी माही. राक्षसाचा एक दाना हाय ना? अन् मले चार उतान्या पाह्यजे. द्या इकडं.”

भिवाजीनं पांढऱ्या कवड्या त्यांच्या हातात दिल्या. बाईंनी त्या घोळवल्या नाहीत की काही नाही, जोंधळे फेकावे तशा फेकल्या. एक उताणी. दुसरी उताणी. दोन पालथ्या. पाचवी फिरत फिरत गेली आणि उताणी बसली. सहावी नकाशाच्या निळ्या रेघेवरून घरंगळत टाकीपर्यंत गेली, शिक्क्याला आपटली, कलली, परत आली आणि तोंड वर करून थांबली.

“चार,” भिवाजी म्हणाला. या खेपेला सगळ्यांनाच दिसत होतं, तरी सगळे त्याच्याकडेच पाहत होते. “बान टाकीत शिरला. पानगिळ्याच्या नरड्यात बसला. मेला थो. मनकर्णाबाईनं मारला.”

बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग उगाच काडी पुसली.

आता पाण्याचं उरलं होतं. खेळणाऱ्यांत जो शेवटी मेला त्याचं ते काम. पंजाबराव खुर्चीला चिकटून बसले होते. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, “पाजा, सरपंच!” दुसऱ्यानं री ओढली. पंजाबरावांनी पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती, आणि खिडकीत बावीस मतं उभी होती, त्यांतली नऊ भिवाजीच्या वस्तीतली. माणूस मुरलेला होता हे मी आधीच सांगितलं. ते उठले. माठापाशी गेले, तांब्या भरला, चेहऱ्यावर हसू आणलं. मनकर्णाबाईंना दिलं. मग भिवाजीसमोर आले आणि गुरुजींसारखाच तांब्या हातभर वर धरला.

भिवाजीनं ओंजळ केली नाही. त्यानं पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढला आणि नकाशावर, बरोबर टाकीच्या गोलात ठेवला.

“ह्याच्यात, साहेब. सांडन नाईतं.”

वरून ओतलं तर नकाशा भिजणार. नकाशा भिजला तर निवडणुकीला काय दाखवायचं? पंजाबराव वाकले, तांब्याचं तोंड पेल्याला टेकवलं आणि पाणी ओतलं. भिवाजी उभ्यानंच सगळं पाणी प्यायला, सावकाश. माठातलं पाणी गार होतं. अकरा वर्षं तो रोज त्याच्यापासून सहा हातांवर उभा होता आणि ओंजळीत पडणाऱ्या घोटभरावरून ते एवढं गार असतं हे त्याला कधी कळलं नव्हतं.

त्यानं पेला उचलला तेव्हा खाली कागदावर ओला गोल उमटला होता. मनकर्णाबाई वाकून पाहत म्हणाल्या, “पाह्य वं माय. आलं शेवटी टाकीत पानी.”